गळ्याचं बटण

मी शिवणकाम करणारी बाई. माणूस समोर आला की मला आधी त्याचे खांदे दिसतात, मग कॉलर, आणि तोंड सगळ्यात शेवटी. पण त्या दिवशी सकाळपासून मी एकच गोष्ट बघत होते: आमच्या ह्यांच्या शर्टाचं गळ्याचं बटण. शर्ट मीच शिवलेला, गळ्याला मुद्दाम जरा घट्ट ठेवलेला. म्हणजे कसं, माणसाने घोट गिळला की ते बटण वर जाऊन खाली येणार, आणि मला लांबूनही कळणार. ह्यांनी घरातून निघताना दोनदा मान वळवून पाहिली आणि म्हणाले, गळा आवळतोय गं. मी म्हटलं, नवीन कापड आहे, होईल सैल.

आता हे एवढं कशाला, तर सांगते. आमच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, आणि तिच्या होणाऱ्या सासऱ्यांची तळ्याकाठी छोटीशी वायनरी. लग्नाआधी आमचं कामधाम तरी बघून जा, असं व्याह्यांनी फार आग्रहाने बोलावलं. दिवसभराची सहल. तळ्याच्या काठाकाठाने त्यांच्या ओळखीच्या दोन लहान वायनऱ्या, तिथली वाइन चाखायची, आणि शेवटी त्यांची स्वतःची. जगात इतके धंदे आहेत. चपलांचं दुकान असतं, बेकरी असते, छत्र्या दुरुस्त करणारे असतात. पण नाही, आमच्या नशिबी व्याही मिळाले ते वाइन करणारे.

कारण आमचे हे प्यायचे. प्यायचे म्हणजे चार लोकांत कधीमधी नव्हे, तर भर दुपारी हातात कात्री धरवायची नाही इतकं. एवढा कसलेला कटर, डोळे मिटून बाही कापेल असा, त्याने लोकांचे कोट वाकडे कापले. मी काय काय नाही केलं. भांडले, रडले, बाटल्यांत पाणी मिसळून ठेवलं. शेवटी मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आता एक घोट पोटात गेला तरी गाडी पुन्हा पहिल्या ठिकाणी, आणि या खेपेला परतीचं तिकीट नाही. तेव्हापासून बंद. आणि तेव्हापासून माझं मशीन मी आमच्या शिवणाच्या दुकानाच्या दारात आणून ठेवलंय. कारण विचारणाऱ्याला सांगते, इथे उजेड चांगला आहे. खरं कारण ह्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही. दारातून बाहेर पडणारा माणूस माझ्या गुडघ्याला घासूनच जातो.

तर अशा माणसाला घेऊन मी वाइन चाखायला निघाले होते. मी आधी सांगून बघितलं की गुडघे दुखतात म्हणून कळवू, एका गिऱ्हाइकाचं काम अडलंय म्हणू. हे ऐकेनात. म्हणाले, मी मुलीचा बाप आहे, जायलाच हवं. आणि वर म्हणाले, माझ्यावर विश्वास ठेव. हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा ऐकलंय की मोजणंही सोडलंय. पूर्वी हे असं म्हणून बाहेर पडले की त्यांना दोघांनी धरून घरी आणावं लागायचं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि मी तर कढईभर दुधाने पोळलेली.

व्याह्यांना यातलं काही माहीत नव्हतं. म्हणजे निदान माझी तशी समजूत होती. मुलगी म्हणत होती की सांगून टाकू या, मी तिला गप्प केलं होतं. लग्न होऊ दे, मग बघू.

जावई गाडी चालवत होते, शेजारी व्याही, मधे आमचे हे आणि मुलगी, आणि मागे मी आणि विहीणबाई. विहीणबाई स्वभावाने गोड, पण तोंडाला विसावा नाही. रस्ता तळ्याला चिकटून चाललेला, एकसारखी वळणं, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला उतारावर द्राक्षांच्या रांगा. त्या म्हणायच्या, बघा किती सुंदर. मी हो हो म्हणायचे आणि ह्यांच्या मानेकडे बघायचे. सकाळपासून माझ्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. घास उतरतच नव्हता.

वाटेत व्याह्यांनी मागे वळून एक गोष्ट सांगितली आणि माझा जीव जरा भांड्यात पडला. ते म्हणाले, चाखणारा माणूस वाइन गिळत नाही. घोट तोंडात घोळवायचा, चव घ्यायची आणि समोरच्या भांड्यात थुंकून टाकायचा. दिवसभर गिळत बसलं तर संध्याकाळी स्वतःचं घर सापडणार नाही. मला गंमत वाटली. वर्षभर राबून केलेली वस्तू, आणि पाहुण्यांनी ती थुंकायची. पण म्हटलं, चला, बरं झालं, हेही थुंकतील. बटण हलणार नाही.

पहिली वायनरी म्हणजे पाण्याला लागून असलेली होड्यांची जुनी शेड. आत लांब लाकडी फळी, फडक्यावर पालथे घातलेले ग्लास, आणि थुंकायला स्टीलची उभट बादली. गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली एक उंच बाई मालकीण होती. तिने आम्हा सगळ्यांना एका बाटलीतून ओतलं. ह्यांच्यापाशी आली तेव्हा खाली वाकली, फळीखालून दुसरीच बाटली काढली आणि हसून म्हणाली, ही मुलीच्या वडलांसाठी खास. व्याही पण हसले.

खास म्हणजे काय? खास म्हणजे जुनी, मुरलेली, जास्त चढणारी, नाहीतर काय? मी बघतेय तोवर ह्यांनी ग्लास तोंडाला लावला. आणि बटण हललं. वर गेलं, खाली आलं. पुन्हा एकदा. बादलीकडे ह्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. वर चेहरा कसा, तर कितीतरी दिवसांनी असा मोकळा.

त्यानंतर पुढच्या वायनरीपर्यंतचा रस्ता मी कसा काढला ते माझं मला माहीत. शेजारी विहीणबाई लग्नात कुणी कुठे उभं राहायचं ते सांगताहेत, पुढे हे व्याह्यांशी गप्पा मारताहेत, आणि मी तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात बसलेली. त्यांच्या मानेवर मला घाम दिसायला लागला. आवाज जड वाटायला लागला. एकदा ते मोठ्याने हसले तर मला वाटलं, झालं, चढली. एकीकडे मुलीचं लग्न, एकीकडे हा माणूस, आणि गाडीचं दार उघडून उडी मारावी म्हटलं तर खाली तळं.

दुसऱ्या ठिकाणी गाडीतून उतरल्या उतरल्या मी त्यांना बाजूला ओढलं. ते म्हणाले, "अगं, ऐक तरी, त्या ग्लासात काय..."

"तोंड उघडू नका," मी म्हटलं. "लोकांना वास येईल."

ते माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले. पूर्वी असे बघायचे नाहीत, पूर्वी खाली बघायचे. मग पायऱ्या चढून आत गेले.

ही वायनरी चढावर होती. थंड खोली, भिंतीला उंच स्टीलच्या टाक्या, फरशी नुकतीच धुतलेली. मालक बोलघेवडा. ग्लास फिरवून फिरवून तो सांगत होता की हिच्यात नासपतीचा वास आहे, मागून ओल्या दगडाचा येतो. मला तर सगळीकडून एकच आंबूस वास येत होता, जमिनीतून, भिंतीतून, लोकांच्या कपड्यांतून. एरवी फाटकापासून ह्यांचा वास ओळखणारं माझं नाक, पण त्या खोलीत ते काही कामाचं नव्हतं.

इथेही तेच. सगळ्यांना एक बाटली आणि ह्यांना खाली लपवलेली वेगळी. मी मनात ठरवूनच आले होते. मालकाने सगळ्यांना खिडकीतून खालचं तळं दाखवायला नेलं, तेवढ्यात मी माझा ग्लास बादलीत रिकामा केला. ह्यांचा भरलेला ग्लास फळीवर होता. तो उचलला, डोळे मिटले आणि एका दमात घशाखाली घातला. त्यांच्या जागी माझा रिकामा ग्लास ठेवून दिला. उभ्या जन्मात कधी थेंबाला शिवले नव्हते, पण म्हटलं, मी प्यायले तर फार तर पडेन. हे प्यायले तर आमचं घर पडेल.

आणि गोड लागलं हो ते. मला नवल वाटलं. घसा जळेल, डोळ्यांतून पाणी येईल अशी तयारी केली होती, तर हे लहान पोरांच्या औषधासारखं गोड. मनात म्हटलं, श्रीमंती वस्तू आहे, ती गुपचूपच चढत असणार. आणि चढलीच. कान गरम झाले, फरशी जरा तिरकी वाटायला लागली. उपाशी पोट आणि त्या रस्त्याची वळणं हे काही मला तेव्हा सुचलं नाही.

वळले तर हे बघत उभे. रिकाम्या ग्लासाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मिशीत हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इकडे मी त्यांच्यासाठी विष पितेय आणि यांना हसू सुचतंय. मग मालकाने पुन्हा ओतलं आणि मी पुन्हा तेच केलं. मुलीने माझा दंड धरून विचारलं की आई, तू बरी आहेस ना, तर तिलाही मी फटकारलं.

व्याह्यांच्या वायनरीला पोचलो तेव्हा माझं डोकं भणभणत होतं. तळ्याच्या एका वळणावर दगडी घर, खाली तळघर, तळघरात आडवी मांडलेली लाकडी पिंपं. जिना उतरताना विहीणबाईंनी माझा हात धरला. त्या म्हणाल्या की इथे आता थुंकायचं नाही हं, घरच्या माणसाने घरच्या पिंपातली थुंकली तर आमच्याकडे वाईट दिसतं, म्हणून इथे बादली ठेवतच नाही. त्या हसल्या. मी तरी कोपऱ्यात एखादी दिसते का ते बघून घेतलं.

व्याह्यांनी एका पिंपाचं बूच काढलं आणि काचेची लांब नळी आत सोडून वाइन वर ओढली. ते काम ते फार प्रेमाने करत होते, हे मला त्या अवस्थेतही दिसलं. एकेकाच्या ग्लासात त्यांनी थोडी थोडी सोडली. विहीणबाई माझ्या कानात म्हणाल्या, ही या वर्षीचीच आहे, हलकी, आपल्या बायकांना सोसेल अशी. आणि ह्यांचा ग्लास? तो एका उभ्या पिंपावर आधीपासूनच भरून ठेवलेला. वेगळा.

आता ओतायला बादली नाही. दोन्ही ग्लास भरलेले. आणि सगळे गोल करून उभे, त्यामुळे दोन्ही पिऊन टाकायची सोय नाही. माझ्या त्या भणभणत्या डोक्याने हिशेब केला तो असा की हा माणूस आज गिळतोच आहे, तर निदान हलकी तरी गिळू दे. बाटलीत पाणी मिसळणारी बाई ती, तिची अक्कल किती धावणार? दिव्याखालून व्याही काहीतरी दाखवत होते, सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या, आणि मी त्या उभ्या पिंपावरचा ग्लास उचलून तिथे माझा ठेवला.

व्याही चार शब्द बोलले. मुलगी आमच्या घरात येतेय, वगैरे. चांगलं बोलले. ह्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी पिंपावरचा ग्लास उचलला, मुलीकडे बघून उंच केला, आणि तहानलेला माणूस पाणी पितो तसा, अजिबात न बिचकता, मोठा घोट घेतला.

मी बटणाकडे बघत होते. बटण हललं नाही.

ह्यांचे गाल फुगलेले तसेच राहिले. डोळे मोठे झाले. आधी ते व्याह्यांकडे वळले, मग ग्लासाकडे, आणि मग माझ्याकडे, माझ्या हातातल्या ग्लासाकडे. मी जन्मात असा चेहरा पाहिला नाही, इतक्या वर्षांच्या दारूतही नाही. त्यांनी तो सगळा घोट तिथेच, व्याह्यांच्या पायापाशी फरशीवर थुंकला, आणि तोंडावर हात दाबून जिन्याने वर धावले.

व्याही पांढरेफटक पडले. त्यांनी पुढे होऊन पिंपावर राहिलेल्या ह्यांच्या ग्लासाचा वास घेतला.

"हे कसं झालं?" ते म्हणाले. "मी माझ्या हाताने रस ओतून ठेवला होता."

"कसला रस?" मी विचारलं.

मग सगळं बाहेर आलं. लग्न ठरलं त्याच आठवड्यात ह्यांनी आपणहून व्याह्यांना फोन केला होता. मी पिणारा होतो, आता सोडली आहे, मुलगी देताना हे तुमच्यापासून लपवायचं नाही, असं सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. व्याह्यांना त्यांच्याबद्दल आदरच वाटला. त्यांनीच ठरवलं की चार लोकांत ह्यांना अवघडल्यासारखं होऊ नये, म्हणून आधीच्या दोन्ही ठिकाणी निरोप देऊन ठेवला होता की यांच्या ग्लासात नुसता द्राक्षाचा रस घाला, वेगळ्या बाटलीतून. मुलीलाही माहीत होतं. माझा जीव उगाच टांगणीला लागलाय हे तिला दिसत होतं, म्हणूनच तिने माझा दंड धरून विचारलं होतं. ह्यांनी तिला सांगितलं होतं की आईला आत्ता सांगू नकोस, तिने एकदा माझ्या हातात ग्लास बघावा आणि तरी घाबरू नये, मग संध्याकाळी मी सांगेन.

म्हणजे दिवसभर मी रस पीत होते. आणि ज्या एका ग्लासात खरी वाइन होती, तो मी माझ्या हाताने त्यांच्यापुढे ठेवला होता. याला हात दाखवून अवलक्षण म्हणायचं की आणखी काय म्हणायचं, मला अजून कळत नाही. मुलगी माझ्याकडे बघत होती. ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्या हातातला ग्लास फक्त काढून घेतला आणि म्हणाली, आई, तू जा त्यांच्याकडे.

घरामागे पाण्यात उतरणारा दगडी धक्का होता. हे त्याच्या शेवटच्या पायरीवर गुडघे टेकून बसले होते. ओंजळीने तळ्याचं पाणी तोंडात घेत होते, खुळखुळून थुंकत होते, पुन्हा घेत होते. शर्टाची सगळी छाती भिजली होती. गळ्याचं बटण तुटून गेलं होतं. ओढूनच तोडलं असणार. तिथे नुसता दोरा लोंबत होता.

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. काय बोलणार? चुकलं म्हणावं तर शब्द फार लहान. रडू येत होतं, पण तेही म्हटलं आता माझं रडं यांनी का सोसायचं. ओल्या दगडावर माझं नवं लुगडं भिजलं, भिजू दे म्हटलं.

बऱ्याच वेळाने ते थांबले. पाण्याकडे बघतच म्हणाले, "गिळली नाही मी."

"माहीत आहे मला," मी म्हटलं. "मी बघत होते."

त्यावर ते हसतील असं मला वाटलं. ते हसले नाहीत. त्यांनी दोन्ही हात पुढे धरून मला दाखवले. हात थरथरत होते, अगदी पूर्वीसारखे, वाकडे कोट कापायचे त्या दिवसांतले.

"पण चव आली गं," ते म्हणाले. "सगळी आठवली. इतका वेळ पाणी घेतोय, जातच नाहीये."

वरून विहीणबाईंनी हाक मारली की पानं घेतलीत, या सावकाश. तळ्यावर एक होडी लांबून चालली होती, तिच्या लाटा पायरीला येऊन आपटत होत्या. मी त्यांचे हात माझ्या हातांत घेतले. थरथर थांबली नाही, ती माझ्याही हातांत आली.

"आजवर तू लक्ष ठेवायचीस, मला राग यायचा," ते म्हणाले. "आता मी सांगतो म्हणून ठेव. आज घरी गेल्यावर मला एकट्याला कुठे जाऊ देऊ नकोस. दुधाच्या पिशवीलासुद्धा नाही."

मी मान हलवली.

"आणि ते मशीन दारातून काढ. तिथून तुला माझी फक्त पाठ दिसते. माझ्या टेबलासमोर लाव."

मी म्हटलं, तिथे उजेड नाही. ते म्हणाले, दिवा लावून घेऊ. मग मी पर्समधून सुई-दोरा काढला, तो माझ्याजवळ नेहमीच असतो, आणि पायरीवर बटण शोधायला लागले. बटण काही सापडलं नाही. पाण्यातच गेलं असणार. ह्यांनी गळा तसाच उघडा ठेवला आणि माझा हात धरून वर जेवायला आले.